गयामावशीचा हात थांबला तिथं

नवं मशीन समोर आलं की तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचा. माऊसला हात नाही, कीबोर्डला नाही. शेजारचा चहा निवून जाईपर्यंत नुसता पडद्याकडे बघत राहायचा. आम्ही ऑफिसातले चार-पाच जण मागे ताटकळत उभे. कुणी घाई केली की मान न वळवता म्हणायचा, "आधी बघू द्या. एकदा हात लावला की मंग दिसत न्हाई."

काय दिसत नाही, हे आम्हाला कळायला बरीच वर्षं लागली. मला तर कळूनही उपयोग झाला नाही.

मी तेव्हा हिंगोलीतल्या एका शिक्षणसंस्थेत आस्थापनेचा बाबू होतो. खाली शाळा, वर ज्युनिअर कॉलेज, आणि सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात. हिंगोली अजून जिल्हा व्हायची होती, बारीकसारीक कामालाही परभणीला खेटे घालायचे दिवस. संस्थेनं एक कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला माणूस हवा म्हणून याला मानधनावर ठेवून घेतलं. सेनगावजवळच्या पुसेगावचा, नांदेडला कोर्स केलेला, अंगात कडक इस्त्रीचा पण कॉलर उसवलेला शर्ट. त्याला नाव होतं, आडनावही होतं, आणि आडनावावरून स्टाफरूमला जे समजून घ्यायचं असतं ते तिनं पहिल्याच दिवशी समजून घेतलं. मग 'ऑपरेटर' हेच सगळ्यांना सोयीचं पडलं. मीही इथे त्याचं नाव लिहीत नाही. ते लिहायचा हक्क मला उरलेला नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीला जाड पडदा होता आणि दाराबाहेर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. तुम्हालाही त्या काळच्या अशा खोल्या आठवत असतील. दसऱ्याला हेडमास्तरांनी मॉनिटरला हळदकुंकू वाहून फ्लॉपीच्या फटीपाशी नारळ ठेवला होता. ऑपरेटरनं आठवड्याभरात ती पाटी उतरवली. हेडमास्तर तापले, आत धूळ जाते म्हणाले. हा शांतपणे म्हणाला, "सर, मशीनला पाय दिसत न्हाईत. अन् चपला काढाय लावल्या की माणूस उंबऱ्यातच निम्मा घाबरतो." धुळीसाठी त्यानं दाराशी ओलं पोतं टाकलं. हेडमास्तरांनी दोन दिवस पोत्याकडे रागानं पाहिलं आणि मग तेही त्याला पाय पुसून आत जायला लागले.

आम्हाला वाटायचं, कॉम्प्युटरवाल्याचा विषय कॉम्प्युटर. याचा विषय कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस होता.

पहिल्या मशीनवर डॉस होतं. काळा पडदा, त्यावर दोन अक्षरं आणि लुकलुकणारी एक रेघ. मला त्या रेघेची भीती वाटायची. काहीतरी विचारतेय आणि उत्तर आपल्याला माहीत असायला हवं, असं वाटायचं. मी तसं त्याला म्हणालोही. माझी चेष्टा करायची संधी होती, स्टाफरूमनं सोडली नसती. यानं मात्र मान डोलावली आणि टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढून त्यात लिहून घेतलं. "काय लिहिलंत?" मी विचारलं. "तुमाला कुठं अडलं ते," तो म्हणाला. "कामाचं हाय."

ती वही पुढे आमच्या ऑफिसात थट्टेचा विषय झाली. माणूस कॉम्प्युटरवर अडला की हा विचारणार, "कुठं अडलं?" आणि लिहून घेणार. तुमची चूक झाली असं त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. "तुमी बराबर हाव. मशीन चुकून राहिली," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गणिताचे एक जुने सर तर त्याच्या पाठीमागे म्हणायचे, असा मास्तर मला लहानपणी मिळाला असता तर मी कलेक्टर झालो असतो.

मग विंडोज आलं. निळसर-हिरवा पडदा, खाली करडी पट्टी, छोटी छोटी चित्रं. आम्हाला वाटलं आता सुटलो, आता काही पाठ करायला नको. ऑपरेटरनं नेहमीप्रमाणे हात मांडीवर ठेवून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी झाडू मारायला आलेल्या गयामावशीला खुर्चीवर बसवलं.

गयामावशी पन्नाशीची, अंगठेबहाद्दर, तोंडानं फटकळ. शाळेचे वर्ग आणि संडास झाडायची. खुर्चीवर बसायला ती तयार होईना. "मला काहून बसवून राहिला रे, सायबाच्या खुर्चीवर? नोकरी घालवतो का?" यानं तिला समोरच्या चित्रावर बाण न्यायला सांगितलं, बटण दाबायला सांगितलं, आणि हात पाठीमागे बांधून मागे जाऊन उभा राहिला. मावशीनं बटण एकदा दाबलं. काही झालं नाही. ती थांबली. हात तसाच माऊसवर, नजर पडद्यावर. कुणीतरी म्हणालं, "अगं दोनदा दाब, पटपट." तेव्हा मी ऑपरेटरला पहिल्यांदा रागावलेला पाहिला. "कुनी सांगू नका," तो म्हणाला. "तिचा हात कुठं थांबला ते बघा फक्त."

मावशीनं वळून पाहिलं. "एकदा सांगितलेलं त्याला समजत न्हाई का? दोनदा दार वाजवायला मी काय उसनं मागाय आले?"

सगळे हसले. ऑपरेटर हसला नाही. त्यानं ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. मग मावशीची नजर पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यावर गेली. "अन् हा डबा कोन झाडनार? मला आधीच सांगा." तेही त्यानं लिहून घेतलं.

त्या दिवसापासून ती त्याची कायमची परीक्षक झाली. नवी काही आवृत्ती आली, पडद्याचा रंग बदलला, बटणाची जागा बदलली, की गयामावशीला बोलावणं जायचं. ती हातातला झाडू दाराशी टेकवून यायची आणि मोठ्या तोऱ्यात खुर्चीवर बसायची. खिडकी मोठी करायचं बटण आणि बंद करायचं बटण शेजारीशेजारी आहेत, म्हणून तिचा हात नेहमी घसरायचा. ऑपरेटर म्हणायचा, "औषधाची बाटली अन् फिनेलची बाटली एका फळीवर कोनी ठेवतं का, बाबूजी?" मला तो बाबूजी म्हणायचा. मला वाटायचं, हे सगळं कुणीतरी मोठ्या माणसांनी विलायतेत बसून ठरवलेलं असतं, त्यात पुसेगावच्या माणसाला काय विचारायचं. त्याला मात्र ते कुणीही विचारण्यासारखं वाटायचं.

नांदेडच्या एका छापखान्यात अ‍ॅपल कंपनीचं मॅक आलंय असं त्याला कळलं, तर तो रविवारी एसटीनं खास ते बघायला गेला. मालकानं हात लावू दिला नाही. याला तेवढंच पाहिजे होतं. दोन तास मागे उभं राहून आला. सोमवारी माझ्या टेबलापाशी येऊन सांगायला लागला, तेव्हा चेहरा लग्न ठरल्यासारखा. "बाबूजी, त्याच्या माऊसला एकच बटन हाय. डावं का उजवं, हा सवालच न्हाई. अन् सगळ्या आज्ञांची पट्टी कुठं ठिवली, म्हाईत हाय? पार वरच्या काठाला. हात कितीबी जोरात गेला तरी काठाला जाऊन थांबतो. भिंतीला टेकल्यावानी. म्हाताऱ्याचा थरथरता हातबी तिथं चुकनार न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाला, "पन मराठी लिहायला लई तकलीफ हाय त्याच्यात. अन् आपल्या संस्थेला ते कोन घेऊन देतं?" त्यानं छापखान्यातल्या पडद्याचं चित्र वहीत पट्टीनं आखून आणलं होतं, रंगीत पेन्सिलींनी भरून. बाजूच्या पानावर विंडोजचा पडदा, तसाच आखलेला. दोन्हींत कुठल्या कामाला हात किती लांब जातो, ते बोटांच्या पेरांनी मोजून लिहिलेलं.

मला त्यानं डॉसपासून सगळं शिकवलं. मी टाईपरायटरवरचा माणूस, हात जड. माझ्याकडून तीनदा अख्खी फाईल पुसली गेली, तीनदा तो म्हणाला मशीन चुकून राहिली, आणि बसून परत टाईप करून दिली. नऊ वर्षांत माझ्या घरी तो दोनदा आला, दोन्ही वेळा ओट्यावरून परत गेला. तो बसला नाही, असं मी लोकांना सांगत आलो. मी बसा म्हणालो नाही, हे इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

मधल्या काळात हिंगोली जिल्हा झाली, ऑफिसं आली, विंडोजचं नवं एक्सपी आलं. निळी पट्टी, हिरवी टेकडी, गोल गुबगुबीत बटणं. स्टाफरूम खूश. ऑपरेटरनं पाहून सांगितलं, "मांडव चांगला घातलाय. वाट तीच हाय." तोवर त्याच्या हाती एका मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी लागली होती. ती चढवायला त्याला दोन दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. एकदा पडदाच येईना, एकदा आवाज येईना, प्रिंटर तर शेवटपर्यंत रुसलेला. पण एक दिवस मला हाताला धरून खोलीत घेऊन गेला. पडद्यावर मराठी होतं. पत्रातलं मराठी आम्ही पूर्वीपासून लिहीत होतो. हे मशीनचं स्वतःचं बोलणं मराठी होतं. 'उघडा', 'साठवा', 'बंद करा'. जोडाक्षरं मधूनमधून फुटलेली, काही शब्द सरकारी खात्यातून आणल्यासारखे अवघड, पण मराठी.

"खरी गंमत पुढं हाय," तो म्हणाला आणि गयामावशीला हाक मारली.

मावशीनं चित्रावर बाण नेला. बटण एकदा दाबलं. फाईल उघडली. त्या पडद्यावर एकदाच दाबायची रीत होती. मावशीनं आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता बग. शिकला का न्हाई शेवटी?" तिला वाटलं, इतक्या वर्षांत मशीनच सुधारलं. विंडोजमध्येही एकदाच दाबायची सोय होती, ती यानंच कुठल्याशा कोपऱ्यातून शोधून काढली होती. पण तो म्हणायचा, ती सोय सापडेपर्यंत माणूस दोनदा दाबायला शिकून जातो, मग काय उपयोग.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इतका वेळ मी ती लांबवतो आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

संस्थेनं वीस मशीनची नवी लॅब करायची ठरवली. त्याबरोबर लॅबसाठी एक कायम पद निघणार होतं, आणि ते ऑपरेटरला द्यायचा प्रस्ताव मी स्वतः टाईप केला होता. तो माझ्या खणात तयार होता, अध्यक्षांच्या सहीसाठी. हे पद त्याच्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. नऊ वर्षं तो दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करत आला होता. दर जूनमध्ये त्याची नेमणूक अकरा महिन्यांची. पुसेगावला बायको, पाळण्यातली मुलगी. आणि वयाची अट संपत आली होती. त्या वर्षी झालं नाही तर पुढे कुठल्याच कायम नोकरीसाठी तो चालणार नव्हता. तो हे कधी बोलायचा नाही, पण माझ्या टेबलाशी आला की नजर त्या खणावर जायची.

अध्यक्षसाहेबांनी त्याला सांगितलं, वीस मशीनवर काय टाकायचं ते तू तुलना करून लिहून दे. असं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मागितलं होतं. तीन महिने तो त्यात बुडाला. शिपाई, माळी, दहावीच्या मुली, गणिताचे सर, गयामावशी, मी, असे एकवीस जण त्यानं डॉस, विंडोज आणि मराठी लिनक्स अशा तीन पडद्यांसमोर बसवले. कुठल्या पडद्यावर कोण कुठे अडलं, याचा तक्ता केला. आणि निष्कर्ष काढला तो अगदी सरळ होता. दहा मशीनवर विंडोज ठेवा, कारण पोरांना नोकरीत तेच भेटणार, प्रिंटरही त्यावरच चालतो. दहांवर मराठी लिनक्स ठेवा, कारण पहिल्यांदा बसणारं लेकरू त्यावर घाबरत नाही. "दोन्ही घरं हिंडून आलेलं पोरगं कुठंच अडत न्हाई," असं शेवटी लिहिलं होतं. मी म्हणालो, हे वाक्य जरा शासकीय भाषेत करू. तो म्हणाला, राहू द्या.

लॅबमध्ये मशीन तशीच दहा-दहा मांडली गेली. उद्घाटनाला सगळा स्टाफ, गावातली प्रतिष्ठित मंडळी आणि बाहेरगावचे दोन-तीन पाहुणे होते. फीत कापली, फोटो झाले. अध्यक्षसाहेब म्हणाले, "ऑपरेटर, या दोन्हींत फरक काय ते पाहुण्यांना सांग."

आता दुसरा कुणीही असता तर त्यानं चार इंग्रजी शब्द टाकून दोन मिनिटं भाषण केलं असतं, टाळ्या पडल्या असत्या आणि सोमवारी प्रस्तावावर सही झाली असती. हा म्हणाला, "सांगून समजत न्हाई साहेब. तुमीच बसा."

आणि त्यानं खुर्ची ओढली.

साहेबांच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर होता, पण त्याला वर्षभर फुलाफुलांचं कव्हर असायचं. त्यांनी तो कधी चालवला नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ऑपरेटरलाही माहीत असणार. पण त्याच्या लेखी ती लाजेची गोष्टच नव्हती. जो कधी बसलेला नाही तोच खरा उपयोगाचा, हे तो नऊ वर्षं म्हणत आला होता. साहेब हसत बसले. यानं विंडोजच्या पडद्यावर त्यांच्या नावाची फाईल ठेवलेली होती. "ती उघडा," म्हणाला, आणि हात पाठीमागे बांधून मागे सरकला.

साहेबांनी बटण एकदा दाबलं. आणि वाट पाहिली. आयुष्यात त्यांना कुणाला काही दोनदा सांगावं लागलेलं नव्हतं.

काही झालं नाही. त्यांनी माऊस थोडा हलवला, पुन्हा एकदा दाबला, पुन्हा वाट पाहिली. कॉलेजचे प्राचार्य पुढे वाकले. ऑपरेटरनं हात वर केला. "कुनी सांगू नका." अध्यक्ष खुर्चीवर बसलेले असताना प्राचार्यांना कुणीतरी गप्प करतंय, हे त्या संस्थेत कधी झालं नव्हतं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी समोरच उभा होतो. मला दिसत होतं काय चाललंय, आणि मला दिसत होतं की ऑपरेटरला ते दिसत नाही. तो फक्त त्यांच्या हाताकडे बघत होता. मी एक शब्द बोललो असतो तरी चाललं असतं. चहा आलाय, इतकंसुद्धा पुरलं असतं.

शेवटी त्यालाच साहेबांची कीव आली. तो पुढे झाला, त्यांच्या खांद्याशी वाकला आणि अगदी मायेनं म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, साहेब. आमच्या गयामावशीचाबी हात इथंच थांबला व्हता. तुमी दोघं अगदी बराबर."

पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "गयामावशी कोण?" मागून कुणीतरी सांगितलं. मग कुणीतरी फिसकन हसलं.

"आता या बाजूच्या मशीनवर बसा, म्हंजी फरक कळंल," असं ऑपरेटर म्हणत होता. दुसरी खुर्चीही त्यानं ओढून ठेवली होती. साहेब उठले, उपरणं सारखं केलं आणि पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले. त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि वहीत लिहायला सुरुवात केली. मला म्हणाला, "बाबूजी, बघितलं का? बराबर तिथंच!" तो खूश होता हो. त्याची तुलना सगळ्यांसमोर खरी ठरली होती.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. समोर एक मजकूर तयार होता. ऑपरेटरनं हेतुपुरस्सर, अपमान करण्याच्या उद्देशानं, मान्यवरांसमोर अध्यक्षांची तुलना सफाई कामगाराशी केली, आणि हे मी समक्ष पाहिलं, असा. तो उद्देश नव्हता हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. प्राचार्य म्हणाले, हेडक्लार्क मार्चमध्ये निवृत्त होतायत, तुमचं नाव चर्चेत आहे. बस, एवढंच. कुणी धमकी दिली नाही, दार लावलं नाही. मी पेन काढलं आणि सही केली. मला ते करायला लागला तेवढा वेळ सेवापुस्तकात रजा मांडायलाही लागत नाही.

माझ्यानंतर गयामावशीला बोलावलं. तिला मजकूर वाचून दाखवला आणि शाईचं पॅड पुढे केलं. मी तिथेच होतो. तिनं पदरात हात गुंडाळून घेतले. "माज्यासंगं नाव घेतलं त्यात येवढी कोनती घान झाली?" ती म्हणाली. "मी बी बसले, सायेब बी बसले. दोघांचं बी उघडलं न्हाई. ते पोरगं खोटं काय बोललं?" प्राचार्यांनी पुन्हा समजावलं. ती निघून गेली. पुढच्या महिन्यात तिला शाळेतून काढून वसतिगृहाच्या संडासांवर टाकलं. ती गेली, आणि अंगठा नाही दिला तिनं. मी चांगला बी.कॉम. झालेला माणूस.

नियमाप्रमाणे माझ्या जबाबाची प्रत ऑपरेटरला द्यावी लागली. ती घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. स्टूल ओढून बसला. कागद टेबलावर ठेवून त्यानं हातानं सरळ केला. "ही सही तुमचीच ना, बाबूजी?"

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्याची वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू. शिव्या दिल्या असत्या तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती. त्यानं विचारलं, "तुमाला कुठं अडलं?"

आणि थांबला. नऊ वर्षं जसा प्रत्येकासाठी थांबायचा तसाच. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खण उघडून काहीतरी शोधायला लागलो. काय शोधत होतो ते मला माहीत नव्हतं. खणात त्याचा प्रस्ताव तसाच होता, बिनसहीचा, आणि तो त्यालाही दिसला. थोड्या वेळानं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. वर पाहिलं तेव्हा तो दारातून बाहेर पडत होता.

त्याच्या जागी अध्यक्षांच्या साडूचा मुलगा आला. त्यानं पहिल्या आठवड्यात वीसही मशीनवर विंडोज टाकून ती सारखी करून टाकली आणि दाराशी चपलांची पाटी पुन्हा लावली. मी हेडक्लार्क झालो. मावशी मधूनमधून वसतिगृहाकडून यायची, माझ्याकडे न बघता शिपायाला सांगायची, ऑपरेटर वसमतला एका आडतीवर बिलं टाईप करतोय, मग ऑपरेटर पुण्याला गेला. मला ऐकू जावं म्हणूनच ती मोठ्यानं सांगायची. ती निवृत्त होऊन औंढ्याला लेकीकडे गेली आणि बातमी यायची बंद झाली.

मीही निवृत्त झालो. घरी बसल्यावर माणसाला काय काय आठवतं ते तुम्हाला सांगायला नको. एके दिवशी मी कोऱ्या कागदावर हातानं लिहिलं, की तो जबाब खोटा होता, असा कोणताही उद्देश नव्हता, आणि मी स्वतःच्या बढतीसाठी सही केली. खाली पूर्ण नाव लिहिलं. हा कागद त्याच्या हातात द्यायचा असं ठरवून सेनगावकडची एसटी धरली आणि पुसेगावला उतरलो.

घर विचारत गेलो. त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. मी संस्थेचं नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली. "तुमीच का ते बाबूजी?" तिचा चेहरा असा काही फुलला की मला नजर वर करवेना. आत नेलं, सतरंजी टाकली, नको नको म्हणत असताना चुरमुऱ्यांचा सुशीला फोडणीला टाकला.

आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी त्याचा हार घातलेला फोटो. आमच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतलेला. खांद्यावर संस्थेच्या जांभळ्या शिक्क्याची अर्धी गोलाई आलेली होती. तो शिक्का मीच मारलेला.

"आठ महिने झाले," ती चुलीपाशी बसून म्हणाली. "पुण्यात दुकानात मशीनी जोडून द्यायचे. कावीळ झाली, अंगावर काढली. दुसरा फोटोच नव्हता त्यांचा."

मला उठून निघून जाता आलं असतं. पण मी तिच्या हातात कागद दिला. का दिला, ते आजही सांगता येत नाही. एवढ्या लांब आणला होता म्हणून असेल. ती सातवीपर्यंत शिकलेली. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेली. शेवटी माझ्या नावापाशी तिचं बोट थांबलं.

"ते लिहून देनारे तुमी व्हते?"

मी मान डोलावली.

"त्यांनी कधी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मी लई येळा इचारलं, कुनी केलं म्हनून. म्हनायचे, ऱ्हाऊ दे. अन् पोरीला सांगायचे, शाळेत समदे वंगाळ न्हाई भेटले, एक बाबूजी व्हते, त्यांनी माज्याकडून समदं शिकून घेतलं. शिकवनाऱ्याला अजून काय पाहिजे, म्हनायचे."

सुशिल्याची ताटली माझ्यासमोर होती, मी दोन घास खाल्लेली. तिनं कागदाची घडी केली आणि तो माझ्या हातात परत दिला.

"हे घरात नको. पोरीच्या हाती लागंल," ती म्हणाली. "तिची शाळा सुटायची वेळ झाली. ती यायच्या आत जावा तुमी."

मी कागद खिशात घातला, चपला पायात सरकवल्या आणि पोरगी यायच्या आत निघालो.